चार तिकिटांची मर्यादा आणि सहाजणांचा गट: ऑनलाइन तिकिटे काढणाऱ्या नवख्यांसाठी

संगीताच्या मोठ्या कार्यक्रमाची तिकिटे पहिल्यांदाच ऑनलाइन काढायला बसलेल्या माणसाला वाटते की, खरी अडचण तिकिटे संपण्याची आहे. तिकिटे संपतात हे खरेच; पण तासभर आभासी रांगेत काढल्यावर, मनाजोगत्या खुर्च्या पडद्यावर रिकाम्या दिसत असताना ‘या कार्यक्रमासाठी आपली कमाल मर्यादा पूर्ण झाली आहे’ असे वाक्य समोर येते, तेव्हा होणारी चिडचिड वेगळ्याच जातीची असते. तिकिटे आहेत, पैसे आहेत, वेळही आहे, आणि तरीही पुढचे बटण दाबता येत नाही.

आमच्या सहाजणांच्या गटासाठी मी एकदा अशीच खरेदी केली होती. मर्यादा ४ तिकिटांची होती. मी माझ्या खात्यातून चार तिकिटे घेतली आणि लगेच भावाच्या खात्यात शिरून, त्याच्या संमतीने पण माझ्याच कार्डाने, उरलेली दोन घेतली. दोन्ही खरेद्यांची पावती आली, गटात अभिनंदनाचे संदेशही फिरले. तिसऱ्या दिवशी एक तीन ओळींचा ईमेल आला: दुसरी खरेदी मर्यादेचे उल्लंघन करणारी असल्याने रद्द करण्यात आली आहे. पैसे काही दिवसांनी परत आले. पण तोपर्यंत तिकिटे संपली होती आणि सहांपैकी कोणी घरी राहायचे हा प्रश्न आमच्यापुढे उभा होता. भाऊ खरा, त्याचे खाते खरे, जाणारी माणसेही खरी. परंतु यंत्रणेने दोन्ही खरेद्यांवर एकच कार्ड पाहिले आणि तेवढ्यावरून आम्हा दोघांना एक ठरवले. खरेदीची मर्यादा माणसाला लागत नाही, यंत्रणेला जो ‘एक माणूस’ वाटतो त्याला लागते, हे मला त्या दिवशी कळले. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

मर्यादा कोण घालते

तिकिटे विकणारे संकेतस्थळ मर्यादा राबवते. ती किती असावी हे मात्र बहुधा आयोजक किंवा कलाकाराचे व्यवस्थापन ठरवते. त्यामुळे ग्राहक सेवेला फोन करून ‘आम्ही पाचजण आहोत, एक तिकीट वाढवून द्या’ अशी विनंती करण्यात फारसा अर्थ नसतो. पलीकडच्या व्यक्तीच्या हातात ते नसते.

मर्यादेमागचा हिशेब साधा आहे. १०,००० तिकिटे असलेल्या सभागृहात प्रत्येकी ८ तिकिटे दिली तर कमीत कमी १,२५० खरेदीदारांत सगळे संपते. मर्यादा ४ केली की तो आकडा २,५०० होतो. खरी भीती मात्र मोठ्या कुटुंबांची नसून बॉटची, म्हणजे माणसाच्या जागी बसून सेकंदाला अनेक मागण्या करणाऱ्या प्रणालींची आहे. अमेरिकी गायिका टेलर स्विफ्टच्या ‘इराज’ दौऱ्याची अमेरिकेतील पूर्वविक्री, म्हणजे सर्वांसाठीच्या विक्रीआधी निवडक लोकांसाठी होणारी विक्री, १५ नोव्हेंबर २०२२ रोजी झाली. तिकिटे विकणाऱ्या तिकीटमास्टर या कंपनीने नंतर दिलेल्या माहितीनुसार तिच्यासाठी सुमारे ३५ लाख लोकांनी पूर्वनोंदणी केली होती, आणि त्या दिवशी बॉट धरून यंत्रणेवर एकूण साडेतीनशे कोटी विनंत्या आदळल्या. २० लाखांहून अधिक तिकिटे एका दिवसात गेली आणि १८ नोव्हेंबरची सर्वसाधारण विक्री रद्द करावी लागली.

तंत्राच्या आधारे मर्यादा चुकवणे हा काही ठिकाणी कायद्याचा विषय आहे. अमेरिकेने २०१६ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. ब्रिटनमधील नियम ५ जुलै २०१८ पासून लागू झाले. आणि मर्यादा चुकवून स्वयंचलित साधनांनी घेतलेली तिकिटे व्यापाऱ्यांनी ग्राहकांना पुन्हा विकू नयेत, ही युरोपीय संघाची तरतूद मे २०२२ पासून अमलात आहे. या कायद्यांचा रोख भावाच्या खात्यातून दोन तिकिटे घेणाऱ्यावर नाही. आपल्याला आडवी येते ती विक्रीची अट, आणि अट मोडल्याचा संशय आला तर विक्रेता न विचारता खरेदी रद्द करू शकतो, हे आपण ‘मला मान्य आहे’च्या चौकोनात खूण करताना कबूल केलेले असते.

पहिली पायरी: मर्यादेचे वाक्य शब्दशः वाचावे

विक्रीच्या आदल्या दिवशी कार्यक्रमाचे पान उघडून मर्यादेचे वाक्य शोधावे. ते बहुधा दरांच्या खाली, बारीक अक्षरांत असते. त्यात आकड्यापेक्षा आकड्यानंतरचा शब्द महत्त्वाचा असतो.

‘प्रति व्यवहार ४’ असे असेल तर एक खरेदी पूर्ण करून दुसरी करण्याची मुभा असू शकते, मात्र दुसऱ्या वेळी रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. ‘प्रति खाते’ किंवा ‘प्रति ग्राहक’ असे असेल तर त्या कार्यक्रमासाठी आधी केलेली खरेदीही मोजली जाते. ‘प्रति कार्ड’मध्ये खाते बदलून उपयोग नाही. सर्वांत फसवा शब्द ‘प्रति कुटुंब’ हा आहे. ओएसिस या ब्रिटिश बँडच्या २०२५ मधील पुनरागमनाच्या दौऱ्यासाठी २०२४ साली विक्री झाली, तेव्हा मर्यादा एका प्रयोगाला एका कुटुंबामागे ४ तिकिटांची होती. येथे कुटुंब म्हणजे नातेवाईक नव्हेत, एका पत्त्यावर राहणारी माणसे. एका घरात राहणारे तीन मित्र अशा वेळी एक कुटुंब ठरू शकतात आणि वेगळ्या घरी राहणारी सख्खी बहीण परकी ठरते.

त्याच वाक्यात आणखी एक शब्द तपासावा: मर्यादा एका प्रयोगाला आहे की संपूर्ण दौऱ्याला. एकाच शहरात लागोपाठ दोन रात्री कार्यक्रम असेल आणि मर्यादा दोन्ही रात्री मिळून असेल, तर पहिल्या रात्रीची चार तिकिटे घेतल्यावर दुसऱ्या रात्रीसाठी आपल्या नावावर काहीच उरत नाही. पूर्वविक्रीत घेतलेली तिकिटेही सर्वसाधारण विक्रीच्या मर्यादेत धरली जातात का, हेही पाहावे. पूर्वविक्रीत घाईने दोन तिकिटे घेऊन ‘उरलेली नंतर बघू’ म्हणणारे येथेच अडकतात.

दुसरी पायरी: गट मोजावा आणि तोडावा

चार तिकिटांचा नियम ज्यांनी शोधून काढला त्यांच्या घरी पाच माणसे नसावीत, असे मला अनेकदा वाटले आहे. मर्यादा ४ आणि माणसे पाच असतील तर पहिला मोह ४ अधिक १ असा होतो. तो टाळावा. एक तर पाचवा माणूस तीन तास अनोळखी लोकांत एकटा बसतो. शिवाय आसनांचा नकाशा असलेल्या बऱ्याच यंत्रणा, रांगेत एकच खुर्ची सुटी राहील अशी निवड करू देत नाहीत, त्यामुळे सुट्या तिकिटासाठी नेमकी कोणती जागा मिळेल हे आपल्या हातात राहत नाही. ३ अधिक २ ही विभागणी जवळजवळ नेहमीच सोयीची पडते. सहा असतील तर ४ अधिक २ पेक्षा ३ अधिक ३ बरे, कारण एका खरेदीदाराला अपयश आले तरी निम्मा गट आत असतो, आणि तीन सलग खुर्च्या चार सलग खुर्च्यांपेक्षा सहज सापडतात. उभे राहून ऐकण्याच्या मोकळ्या विभागाची तिकिटे असतील तर खुर्च्यांचा हा विचार करावा लागत नाही, आत गेल्यावर सगळे एकत्रच उभे राहतात.

गटात लहान मूल असेल तर त्याला तिकीट लागते का आणि ते मर्यादेत मोजले जाते का, हे वाचून घ्यावे. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीसाठी आणि तिच्या सोबत्यासाठी अनेकदा वेगळी विक्री आणि वेगळा दूरध्वनी क्रमांक असतो. त्या व्यक्तीला सर्वसाधारण रांगेत आणू नये.

यानंतरचे काम तंत्राचे नाही, ठरवाठरवीचे आहे, आणि लोक नेमके तेच टाळतात. खरेदीदार कोण, प्रत्येकाने किती घ्यायची, जास्तीत जास्त किती दराची घ्यायची, आणि एकालाच तिकिटे मिळाली तर कोणी जायचे, ही चार उत्तरे आदल्या दिवशी गटात लिहून ठेवावीत. हे लिहिले नाही तर दोनच गोष्टी घडतात: प्रत्येकजण दुसऱ्यावर विसंबून राहतो, किंवा प्रत्येकजण स्वतःच्या मर्यादेइतकी तिकिटे घेऊन बसतो आणि सहाजणांच्या गटाकडे चोवीस तिकिटे होतात. घेतलेली तिकिटे सहसा परत घेतली जात नाहीत.

तिसरी पायरी: प्रत्येक खरेदीदार खरोखर वेगळा असावा

दोन खरेदीदार ठरले की दोघांचीही स्वतंत्र खाती, स्वतंत्र ईमेल, स्वतंत्र मोबाइल क्रमांक आणि मुख्य म्हणजे स्वतंत्र कार्डे हवीत. कार्डाबरोबर नोंदवलेला पत्ताही ज्याचा त्याचा असावा. माझी चूक येथेच झाली होती. पैसे मला द्यायचे होते तर ते भावाला नंतर पाठवता आले असते, कार्ड मात्र त्याचेच लागायला हवे होते.

खाते आदल्या दिवशी उघडून, ईमेल आणि मोबाइल पडताळून, कार्ड त्यात साठवून ठेवावे. कार्डावर ऑनलाइन व्यवहारांची रोजची मर्यादा असते, ती तीन-चार तिकिटांच्या एकूण रकमेपेक्षा अधिक आहे ना हे बँकेच्या ॲपमध्ये पाहावे. शेवटच्या क्षणी तिकिटांची नव्हे तर कार्डाची मर्यादा आडवी आल्याची उदाहरणे कमी नाहीत. ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन चार्ज केलेला आणि खरेदीदाराच्या हातात असावा. आईचे कार्ड वापरायचे आणि आई प्रवासात, अशी योजना आखू नये.

शक्य असल्यास दोघांनी आपापल्या मोबाइल जोडणीवरून खरेदी करावी. एकाच घरातील वाय-फायवरून आलेल्या खरेद्या बाहेरून एकाच इंटरनेट-पत्त्यावरून आल्यासारख्या दिसतात, आणि काही यंत्रणा त्याकडे संशयाने पाहतात. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो: बनावट नावाने किंवा नव्या ईमेलवर जादा खाती काढणे हा या सल्ल्याचा भाग नाही. अशी खाती एकाच दिवशी, एकाच उपकरणावरून उघडलेली असतात आणि पुनर्विक्रेत्यांना हुडकण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात तीच आधी सापडतात.

चौथी पायरी: विक्रीची वेळ

याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बऱ्याच प्रतीक्षा-कक्षांत, म्हणजे खरेदीआधी थांबवून ठेवणाऱ्या पानांवर, विक्री सुरू होण्याआधी आलेल्या सर्वांना ठरल्या वेळी यादृच्छिक क्रमांक मिळतो आणि नंतर येणारे त्यांच्या मागे लागतात. म्हणून दहा-पंधरा मिनिटे आधी पोचणे पुरेसे असते, पहाटेपासून बसण्याने क्रमांक सुधारत नाही. पान स्वतःहून ताजे होत असेल तर रिफ्रेश करू नये. एकाच खात्याने पाच टॅब उघडल्याने संधी पाचपट होत नाही, उलट वागणूक बॉटसारखी दिसते. आत गेल्यावर निवडलेल्या खुर्च्या काही मिनिटांपुरत्याच आपल्यासाठी राखलेल्या असतात, त्या वेळेत गटाला विचारत बसू नये. क्रमांकासह पावती आल्यावरच गटात ‘माझी तीन झाली’ असे लिहावे. ‘मिळतील असे वाटते’ या वाक्याने आजवर कोणाचेच भले झालेले नाही.

पाचवी पायरी: मर्यादेचा संदेश आलाच तर

आपण एकही तिकीट घेतलेले नसताना मर्यादा पूर्ण झाल्याचा संदेश येतो, तेव्हा माणूस सर्वाधिक गोंधळतो. घाबरून पान बंद करण्याआधी पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

सर्वांत नेहमीचे कारण अर्धवट राहिलेली खरेदी हे असते. ओटीपीच्या पानावर जोडणी तुटली, आपण मागे आलो आणि पुन्हा चार खुर्च्या निवडल्या, असे समजा. आपल्या दृष्टीने पहिला प्रयत्न संपलेला असतो, पण यंत्रणेच्या लेखी पहिल्या चार खुर्च्या अजून आपल्याच नावावर अडकलेल्या असतात, आणि आता आपण आठ मागत आहोत. अशा वेळी राखीव वेळ संपेपर्यंत थांबणे हाच उपाय असतो. त्या दरम्यान ‘माझी तिकिटे’ हा विभाग, ईमेल आणि बँकेचा संदेश असे तिन्ही पाहावे. बँकेने रक्कम वजा झाल्याचे कळवले असेल तर दुसरा प्रयत्न मुळीच करू नये. पावती यायला उशीर होत असण्याची शक्यता असते, आणि दोन्ही खरेद्या पूर्ण झाल्या तर मर्यादा ओलांडली म्हणून कोणती रद्द होईल हे आपण ठरवू शकत नाही.

दुसरे कारण विभागनिहाय मर्यादेचे. एकूण मर्यादा ४ असली तरी रंगमंचाजवळच्या विभागाला ती २ असू शकते. विभाग बदलून पाहिल्यास संदेश नाहीसा होतो. तिसरे, पूर्वविक्रीचा संकेतांक वापरला असेल तर त्या संकेतांकाची स्वतःची मर्यादा असते, आणि तो गटात कोणी आधीच वापरलेला असू शकतो. चौथे, संदेश मर्यादेचा नसून सुट्या खुर्चीचा असतो आणि आपण घाईत नीट वाचलेला नसतो. मजकूर जसाच्या तसा हवा असेल तर त्या क्षणी पडद्याचे छायाचित्र घ्यावे. ते नंतर तक्रारीलाही उपयोगी पडते.

सहावी पायरी: खरेदी रद्द झाली तर

रद्द झाल्याच्या ईमेलला रागाने उत्तर देऊ नये, आणि उशीरही करू नये, कारण रद्द झालेली तिकिटे लवकरच पुन्हा विक्रीला जातात. मजकूर असा असावा: ‘माझा खरेदी क्रमांक अमुक, दिनांक अमुक, तिकिटे दोन. ही खरेदी मर्यादेच्या कारणाने रद्द झाल्याचे आपण कळवले आहे. खातेधारक मी स्वतः असून कार्ड माझ्या नावावर आहे. याच कार्यक्रमासाठी माझ्या खात्यावर दुसरी खरेदी नाही. कोणत्या खरेदीशी हिची जोड लावली गेली ते कळवावे आणि फेरतपासणी करावी.’ त्याखाली पावती जोडावी. हे वाक्य खरे असेल तरच लिहावे, हे सांगायला नकोच. माझ्या बाबतीत कार्ड माझेच असल्याने मला ते लिहिता आले नाही आणि मी फक्त परतावा कधी येईल एवढेच विचारले. परतावा मागताना सेवा शुल्कही परत मिळणार का हे स्वतंत्रपणे विचारावे, आणि रद्द कोणी केले, आपण की त्यांनी, हे पत्रात स्पष्ट लिहावे.

सातवी पायरी: उरलेल्या दोघांची सोय

विक्री संपल्याची पाटी लागल्यावरही तिकिटे थेंबाथेंबाने परत येत राहतात. ज्यांचे पैसे भरणे अपुरे राहिले त्यांच्या खुर्च्या पहिल्या तासाभरात सुटतात. मर्यादा ओलांडल्याने रद्द झालेली तिकिटे पुढील काही दिवसांत येतात. आणि कार्यक्रमाच्या अगदी जवळ, रंगमंचाची, ध्वनियंत्रणेची आणि कॅमेऱ्यांची जागा पक्की झाली की त्यांच्यासाठी अडवून ठेवलेल्या काही खुर्च्या मोकळ्या केल्या जातात. या शेवटच्या खुर्च्यांची जाहिरात होत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात दिवसातून एकदोनदा पान उघडून पाहणे फायद्याचे ठरते.

अधिकृत पुनर्विक्रीची सोय असेल तर तिला मूळ खरेदीची मर्यादा लागू आहे की वेगळी, ते वाचून तिथून घ्यावे. समाजमाध्यमांवर अनोळखी व्यक्तीकडून घेताना एक धोका लक्षात घ्यावा: त्या व्यक्तीनेच मर्यादा ओलांडून तिकिटे घेतली असतील तर मूळ खरेदी रद्द होते, परतावा तिच्या कार्डावर जातो, आणि आपल्या हाती प्रवेशद्वारावर न चालणारे चित्र राहते. तिकीट नाव बदलून खात्यातून खात्यात पाठवण्याची सोय असेल तरच पैसे द्यावेत. अनेक तिकिटांवरील क्यूआर कोड थोड्या थोड्या वेळाने बदलतो, त्यामुळे पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा मानू नये.

आठवी पायरी: दारापाशी

गट दोन खरेद्यांत विभागलेला असेल तर प्रवेशाच्या दिवशी त्याचा परिणाम पुन्हा दिसतो. काही कार्यक्रमांत मुख्य खरेदीदाराचे ओळखपत्र पाहून त्याच्या सगळ्या तिकिटांना एकदमच आत सोडतात. अशा वेळी पहिले तिघे पहिल्या खरेदीदारासोबत आणि दुसरे तिघे दुसऱ्यासोबतच उभे राहावेत. ‘तू पुढे हो, मी गाडी लावून येतो’ असे खरेदीदाराने म्हटले की त्याचे दोन सोबती दाराबाहेर ताटकळतात. तिकिटे इतरांच्या खात्यात पाठवता येत असतील तर ती आधीच पाठवावीत. काही आयोजक ही सोय कार्यक्रमाच्या थोडे दिवस आधीच खुली करतात, म्हणून त्या तारखेची आठवण फोनमध्ये लावून ठेवावी. ॲपमध्ये तिकीट आदल्या रात्री एकदा उघडून घ्यावे, कारण प्रवेशद्वाराशी हजारो फोन एकाच वेळी जोडणी मागत असतात आणि तेव्हा गोल फिरणारी खूण पाहत उभे राहण्याची वेळ येते.